महागडे रीळ : गरज, हौस आणि कारागिरी

तौलनिक साहित्याच्या तासाला आम्ही नॉर्मन मॅक्लीन यांची ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) ही लघुकादंबरी शिकवत होतो. माँटानातील नद्या, धर्मोपदेशक वडील, दोन भाऊ आणि या तिघांना बांधून ठेवणारा मासेमारीचा छंद असा तिचा विषय. तास रंगात आला असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, या मासेमारीच्या एका रिळाला हजार डॉलर पडतात. म्हणजे आपले ऐंशी हजार रुपयांच्या वर. आणि मासा किलोभराचाही नाही. हे पैसे वसूल होतात का?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आम्ही मासेमार नाही, वाचक आहोत. तरीही या प्रश्नाचा माग काढताना असे ध्यानात आले की, तो बाजारभावाचा जेवढा आहे त्याहून अधिक इतिहासाचा आहे. म्हणूनच हा लेख.

प्रथम या छंदाची रीत समजून घ्यायला हवी. माशीने मासा पकडण्याची ही कला. पिसे, केस व दोरा गळाला गुंडाळून कृत्रिम माशी बनवतात. तिला वजन असे नसतेच. त्यामुळे ती नुसती भिरकावली तर दूर जात नाही. वजन असते ते दोरीला. काठीच्या लयबद्ध हालचालीने दोरी हवेत मागेपुढे खेळवायची आणि तिच्यासोबत माशी अलगद पाण्यावर उतरवायची. मॅक्लीन यांच्या कथेतील वडील मुलांना हे तंत्र चार मात्रांच्या ठेक्यावर शिकवतात. कला आहे ती मनगटात. फेकीपूर्वी दोरी रिळातून हातानेच ओढून घेतात आणि लहान मासा लागला तर तीही हातानेच मागे घेतात. मग रिळाचे काम काय? उरलेली दोरी सांभाळण्याचे. शिवणाच्या डब्यातील दोऱ्याचे रीळ करते तेच.

असे असेल तर रीळ आले कशाला? काठीवर बसवलेले रीळ चिनी चित्रकार मा युआन याच्या सुमारे ११९५ मधील चित्रात दिसते. थंडगार सरोवरातील होडीत एकटा बसलेला तो मासेमार आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये मात्र १४९६ साली छापला गेलेला, डेम ज्यूलियाना बर्नर्स यांच्या नावावर मोडणारा मासेमारीवरील प्रबंध रिळाविषयी काहीही सांगत नाही. रिळाचा उल्लेख येतो तो टॉमस बार्कर याच्या १६५१ मधील पुस्तकात. आयझॅक वॉल्टन याच्या सुप्रसिद्ध ‘द कम्प्लीट अँगलर’मध्येही (पहिली आवृत्ती १६५३) काठीवरच्या चाकाचा उल्लेख आहे, पण तो सॅमन माशाच्या संदर्भात. ही गोष्ट आम्हांला कळीची वाटते. ओढ्यातल्या ट्राउटसाठी दोरी काठीच्या टोकाला बांधली तरी भागत होते. अंगात जोर असलेला, दोरी घेऊन धावणारा सॅमन समोर आला तेव्हा चाकाची गरज पडली. जपानच्या डोंगराळ ओढ्यांवरील ‘तेन्कारा’ या पद्धतीत तर आजही रीळ नाही. काठी, दोरी आणि माशी एवढ्यावर ट्राउट पकडले जातात.

एकोणिसाव्या शतकात रिळाला रूप आले. अमेरिकेत व्हरमाँटमधील मँचेस्टर गावी चार्ल्स ऑर्व्हिस याने १८७४ मध्ये एका रिळाचे पेटंट घेतले. अरुंद चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंना भोके ही त्याची ओळख. भोके शोभेची नव्हती. त्या काळी दोरी रेशमाची असे. ती ओली राहिली की कुजे. भोकांमुळे तिला वारा लागे आणि रिळाचे वजनही घटे. इकडे इंग्लंडच्या उत्तरेस ॲनिक येथील हार्डी बंधूंनी १८९१ मध्ये ‘परफेक्ट’ नावाचे रीळ बाजारात आणले. त्यात बॉल बेअरिंग होते. सायकलीच्या युगाची ही देणगी. आत एक दातेरी चाक आणि त्यावर स्प्रिंगने दाबून बसणारी खिट्टी. मासा धावला की दोरी सुटे, पण चाक बेफाम फिरून तिचा गुंता होत नसे आणि खिट्टीचा करकर आवाज उठे. हा आवाजही शोभेचा नव्हता; तो यंत्राच्या कामाचा परिणाम होता.

पुढे काय झाले? १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचे आवरण असलेली दोरी आली आणि रेशीम वाळवण्याची यातायात संपली. भोके मात्र राहिली. खिट्टीपेक्षा सरस रोधयंत्रे आली. तरी जुन्या आवाजाची आवड राहिली आणि आज त्या आवाजासाठी मुद्दाम पैसे मोजले जातात. गरज सरली, रूप उरले. दरम्यान ओहायोतील अॅक्रन येथे १९३० च्या सुमारास ‘फ्लूगर मेडलिस्ट’ हे साधे, स्वस्त रीळ बनू लागले आणि सामान्य अमेरिकन माणसाने त्यावर आयुष्यभर ट्राउट पकडले. त्यांच्या ट्राउटला किमतीतला फरक कळल्याचा पुरावा नाही.

खरे वळण समुद्राने दिले. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्लोरिडाच्या उथळ खाऱ्या पाण्यात लोक माशीने बोनफिश आणि टार्पन पकडू लागले. बोनफिश पहिल्याच झेपेत शंभर मीटर दोरी ओढून नेऊ शकतो. टार्पन पन्नास किलोंच्या पुढेही भरतो. येथे रीळ दोऱ्याचे रीळ राहत नाही, ते ब्रेक होते. माशीजवळचा शेवटचा धागा अतिशय नाजूक असतो. रोध किंचित अडखळून सुटला तरी त्या हिसक्याने तो तुटतो. शिवाय घर्षणाची उष्णता आणि मिठाचा गंज. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या सलग ठोकळ्यातून कातून काढलेली चौकट, कॉर्कच्या चकतीचा सलग चालणारा रोध आणि गंजाला दाद न देणारा पृष्ठभाग यांची गरज भासली. ‘फिन-नॉर’, ‘सीमास्टर’ ही रिळे या गरजेतून घडली. हंगेरीत जन्मलेला कारागीर टेड युरासिक याने १९७० च्या दशकात बिली पेट या टार्पन-मासेमाराच्या नावाने रीळ बनवले, तेही यातूनच. यांची किंमत मोठी होती आणि ती रास्त होती.

नंतर मात्र ही किंमत समुद्रावरून ओढ्याकाठी आली. संगणकावर चालणाऱ्या लेथमुळे छोट्या कारखान्यांनाही उत्तम रिळे बनवता येऊ लागली. १९९२ मध्ये रॉबर्ट रेडफर्ड यांनी मॅक्लीन यांच्या कथेवर चित्रपट काढला आणि अमेरिकेत या छंदाकडे नव्या लोकांची रीघ लागली. त्यांतील अनेकांनी हातभर ट्राउटसाठी टार्पनला आवरणारे रीळ घेतले. आमच्या मते विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. ओढ्याकाठी दिले जाणारे हजार डॉलर हे दुसऱ्याच पाण्यातल्या, दुसऱ्याच माशाचे मोल असते.

येथे थॉर्स्टीन व्हेब्लेन यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘परफेक्ट’नंतर आठच वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांनी फुरसती वर्गाच्या दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली. वस्तू महाग असते म्हणूनच ती हवीशी वाटते, हे त्यांचे निरीक्षण अनेक रिळांना तंतोतंत लागू पडते. परंतु सर्वच रिळांना ते लावता येईल असे आम्हांस वाटत नाही. न्यू हॅम्पशरमधील स्टॅन बोग्डन (मृत्यू २०११) आपल्या मुलासह सॅमनची रिळे बनवत. गिऱ्हाइके वर्षानुवर्षे थांबत. त्या किमतीत दिखावा शोधणाऱ्याला तो सापडेलही. पण एका माणसाच्या हाताचे आयुष्यभराचे कौशल्यही तिच्यात आहे. जुन्या ‘परफेक्ट’चा स्क्रू काढता येतो, स्प्रिंग बदलता येते, तेल देता येते, शंभर वर्षांनंतर नातू त्यावर मासे धरू शकतो. बिघडले की टाकून द्यावे लागणारे स्वस्त रीळ तीनदा घेतले तर ते स्वस्त उरते का, हाही हिशेब मांडायला हवा.

तेव्हा आमचे उत्तर असे. ओढ्यातल्या ट्राउटसाठी महाग रीळ घेण्यात अर्थ नाही; शंभर डॉलरच्या आतले चालते, आणि उरलेले पैसे चांगल्या दोरीवर व शिकण्यावर खर्चावेत. खाऱ्या पाण्यासाठी आणि मोठ्या सॅमनसाठी उत्तम रोधाचे पैसे द्यावेत. तिथे कंजुषी केली तर मासा जातो. त्यापलीकडची रक्कम कारागिरीची असते. ती द्यायला हरकत नाही, मात्र आपण कशाचे पैसे देतो आहोत हे देणाऱ्याला ठाऊक असावे. अधिक मासे मिळतील या आशेने ती देणारा फसतो.

हे उत्तर वर्गात सांगितल्यावर तोच विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे गरज नसलेल्या गोष्टीला मोल असू शकते?” आम्ही त्याला जात्यावरच्या ओवीची आठवण दिली. तिची लय दळणाच्या कष्टातून आली. पिठाची गिरणी आली आणि ती गरज संपली. तरीही हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. दळण संपले म्हणून ओवी टाकाऊ झाली असे त्यांनी मानले नाही. मात्र ओवी शिकवताना आम्ही जाते विसरलो, तर हाती नुसती गोड चाल उरते. रिळाच्या भोकांचेही तसेच. त्यांच्यामागची ओली रेशमी दोरी ज्याला आठवते, त्याने ते रीळ हौसेने घ्यावे.

मराठी घेऊन एम.ए. करण्याचे पैसे वसूल होतात का, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. तास संपल्याची घंटा झाली होती. तरी वर्ग उठला नाही.