पायाच्या मापाची गाडी : मोटारसायकलचा गिअर, ब्रेक आणि पावलाचा इतिहास

१/
वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावासारख्या गावात दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी मोटारसायकल दाराशी येते. हार घातला जातो, नारळ फुटतो, पहिली फेरी देवळापर्यंत होते. एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते : गिअरची लिव्हर आणि ब्रेकचे पेडल चालवणाऱ्याच्या पावलाशी जुळवून घेणे. कारखान्याने ती सोय प्रत्येक गाडीत ठेवलेली असते. ती सोय आली कुठून आणि विस्मरणात का गेली, याचा हा धागा.

२/
मोटारसायकलच्या पहिल्या पिढ्यांत गिअर पायाने बदलत नसत. पेट्रोलच्या टाकीच्या कडेला एक दांडा असे; तो हाताने पुढेमागे सरकवावा लागे. म्हणजे दर वेळी एक हात हँडलवरून काढणे आले. खडबडीत रस्त्यावर किंवा वळणावर हा व्यवहार किती धोक्याचा होता, हे वेगळे सांगायला नको.

३/
या अडचणीवर टिकाऊ तोडगा निघाला तो इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या व्हेलोसेट कारखान्यात. तेथील अभियंता आणि शर्यतपटू हॅरोल्ड विलिस याने १९२८ च्या सुमारास पायाने गिअर बदलण्याची नवी यंत्रणा सिद्ध केली. लिव्हर एकदा दाबली किंवा उचलली की नेमका एकच गिअर बदले आणि लिव्हर आपोआप मूळ जागी परत येई. आजची जवळजवळ प्रत्येक मोटारसायकल याच तत्त्वावर चालते.

४/
या शोधाचे श्रेय शर्यतीतील वेगाला दिले जाते. पण त्याचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी होता. पूर्वीच्या दांड्याची जागा गिअरगणिक बदलत असे. विलिसच्या यंत्रणेत लिव्हर प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी परतू लागली. जी वस्तू नेहमी एकाच जागी विसावते, तिची ती जागा माणसाच्या मापाने ठरवता येते. पावलाशी गाडी जुळवण्याची शक्यता खऱ्या अर्थाने येथे जन्मली.

५/
ही शक्यता प्रत्यक्षात आणली एका साध्या रचनेने. गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या टोकावर बारीक दाते कोरलेले असतात. लिव्हरच्या भोकात तसेच दाते असतात आणि ती एका बोल्टने आवळलेली असते. बोल्ट काढला, लिव्हर ओढून घेतली आणि एक दाता वर किंवा खाली बसवली, की तिचा कोन बदलतो. यासाठी ना वेल्डिंग लागते, ना नवा सुटा भाग.

६/
आता भारताकडे वळू. १९५५ मध्ये मद्रासमध्ये ‘एनफील्ड इंडिया’ची स्थापना झाली आणि रेडिचची इंग्रज बुलेट येथे तयार होऊ लागली. तिचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला होता. पहिला गिअर वर उचलून, पुढचे तीन खाली दाबून. शिवाय टाचेने दाबायची एक छोटी लिव्हर होती. ती दाबताच गाडी वरच्या गिअरमधून थेट न्यूट्रलला येई.

७/
१९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून चेक घराण्याची जावा रस्त्यावर आली. तिचे सगळे उलटे : गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. गंमत अशी, की गिअरची लिव्हर फिरवली की तीच किक होई. आणि गिअर बदलताना पायाच्या दाबानेच क्लचही सुटत असे. एका पावलाकडे तीन कामे आली. १९७३ पासून हीच परंपरा येझदी या नावाने पुढे चालली.

८/
म्हणजे एकाच देशात, एकाच रस्त्यावर, दोन परस्परविरोधी सवयी नांदत होत्या. बुलेटवर मुरलेला माणूस संकटात डावा पाय दाबी. जावावर त्या जागी ब्रेक नव्हे, गिअर असे. पाऊल विचार करत नाही, ते सवयीने हलते. दिवसभर निरनिराळ्या गाड्या फिरवून पाहणाऱ्या मिस्त्रीला तर प्रत्येक वेळी मनात पाय बदलावे लागत.

९/
हा गोंधळ केवळ भारताचा नव्हता. अखेर अमेरिकेने तो कायद्याने मिटवला. तेथील संघीय मोटार वाहन सुरक्षा मानक क्रमांक १२३ नुसार १ सप्टेंबर १९७४ पासून बनणाऱ्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला असणे बंधनकारक झाले. जपानी गाड्यांत ही मांडणी आधीच रुळलेली होती. अडचणीत आले ते इंग्रज कारखाने.

१०/
नॉर्टन आणि ट्रायम्फ यांना अमेरिकी गिऱ्हाईक गमावणे परवडणारे नव्हते. १९७५ च्या सुमारास त्यांनी उजवीकडचा गिअर डावीकडे आणला. भारतात बुलेटची उजवी बाजू मात्र पुढेही बरीच वर्षे टिकली. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आली. तिच्या मागोमाग शंभर सीसीच्या गाड्या गावोगाव पोचल्या आणि डावा गिअर हाच देशाचा गिअर झाला. २००० नंतरच्या दशकात बुलेटनेही बाजू बदलली.

११/
बाजू एक झाली, पण चाल एक झाली नाही. काही गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर, तर शंभर सीसीच्या काही गाड्यांत सगळेच गिअर चवडा दाबून. आणि उंची? तिला कोणताच कायदा शिवला नाही. शिवूही शकला नसता. बाजू सर्वांसाठी एक असू शकते. पावलाची लांबी आणि गुडघ्याचा कोन हे ज्याचे त्याचे असतात.

१२/
त्यातही भारतीय पावलाचा प्रश्न निराळा. युरोपातील चालक बूट घालून बसतो, असे गृहीत धरलेले होते. लिव्हर पावलाच्या वरच्या बाजूने उचलायची म्हणजे बूट हवाच. आपल्याकडे पायात चप्पल. म्हणूनच येथील रोजच्या गाड्यांवर दोन टोकांची लिव्हर रूढ झाली : पुढचे टोक चवड्याने दाबायचे, मागचे टाचेने. उचलण्याचे कामच उरले नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तुडवून आलेल्या शेतकऱ्याला ही सोय मोलाची वाटली, यात नवल नाही.

१३/
पण या सोयीलाही एक मर्यादा आहे. दोन्ही टोके एकाच तुकड्याची असल्याने पुढचे टोक एक दाता खाली घेतले की मागचे आपोआप वर चढते. लांब पावलाच्या माणसाचा पाय मग दोन्हींच्या बेचक्यात अडकतो. लहान पावलाच्या माणसाला टाच मागे न्यावी लागते. येथे ‘योग्य’ जागा एकच नसते. दोन गैरसोयींमधला समेट शोधावा लागतो.

१४/
सरासरी माप नावाचा माणूस कुठेच राहत नाही. भारतीय शरीरांची मापे पद्धतशीरपणे संकलित करून वस्तुरचनेसाठी वापरता यावीत, असे देबकुमार चक्रवर्ती यांचे काम अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. तोवर परदेशी आराखड्यांवर बेतलेल्या गाड्यांनी देशाचे रस्ते भरून गेले होते. मधल्या काळात ही दरी भरून काढली ती गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या पान्याने.

१५/
गाडीवर आणखी दोन पावले असतात आणि इतिहासात ती सहसा मोजली जात नाहीत : मागे एका बाजूला बसणाऱ्या स्त्रीची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ ने (अमेरिकी मानकाचाही क्रमांक तोच, हा निव्वळ योगायोग) मागच्या स्वारासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून किमान अर्धे चाक झाकणारे संरक्षण सक्तीचे केले. लोकांनी त्याला ‘साडी गार्ड’ असे साजेसे नाव दिले.

१६/
स्त्री स्वतः चालवू लागली तेव्हा तिच्या वाट्याला आधी आल्या त्या पायाचे गिअर नसलेल्या गाड्या. किनेटिकची लुना १९७२ ची, किनेटिक होंडा १९८४ ची. गिअर बदलणे नाही आणि ब्रेक दोन्ही हातांत. साडीतल्या पावलाशी यंत्र जुळवण्यापेक्षा पावलाचे कामच काढून टाकणे उद्योगाला सोपे वाटले. यातून लाखो स्त्रियांना मोकळीक मिळाली, हे खरे. मोटारसायकल मात्र पुरुषाच्याच मापाची राहिली, हेही तितकेच खरे.

१७/
आता प्रत्यक्ष कृती. चालवणाऱ्याने रोजचे पादत्राण घालून, गाडी मुख्य स्टँडवर असताना नेहमीसारखे बसावे. पाऊल फूटरेस्टवर सहज टेकले असता चवडा लिव्हरच्या टोकाजवळ यावा. घोटा वाकडा करावा लागत असेल, तर लिव्हर एक दाता हलवावी. काढण्यापूर्वी शाफ्ट आणि लिव्हर यांवर खडूची खूण करावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. बोल्ट पूर्ण आवळून, इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवत सगळे गिअर पडतात का पाहावे.

१८/
ब्रेकचा क्रम निराळा आणि तो पाळावाच लागतो. आधी पेडलची उंची. ती ठरवणारा बोल्ट आणि त्याचा चेकनट असेल तेथे त्यांनीच. मग पेडलची मोकळी चाल. ड्रम ब्रेकच्या गाडीत ती मागच्या रॉडच्या नटाने ठरते आणि रोजच्या गाड्यांत साधारण २० ते ३० मिलिमीटर असते. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. शेवटी ब्रेक लाइटचे स्विच. चेन ताणताना चाक मागे सरकते आणि ही चाल कमी होते. म्हणून चेननंतर ब्रेक पुन्हा पाहावा.

१९/
हा सगळा खटाटोप कशासाठी? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर धावते. पेडल फार उंच असेल, तर ब्रेकसाठी संपूर्ण पाऊल फूटरेस्टवरून उचलावे लागते. त्यात पाव सेकंद गेला, तरी गाडी चार मीटर पुढे गेलेली असते. रस्त्यावर अचानक आलेले वासरू किंवा मूल आणि चाक यांच्यात कधी कधी एवढेच अंतर असते. उलट, पाऊल पेडलवर सतत विसावत असेल, तर ब्रेक घासत राहतो आणि मागचा दिवा पेटलेलाच राहतो. मागून येणाऱ्याला खरी सूचना कळतच नाही.

२०/
मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. म्हणून परवानगीचा विषय निघतो. पण शाफ्टवरचा दाता आणि रॉडवरचा नट हे बदल नव्हेत. ती कारखान्यानेच मोकळी ठेवलेली जागा आहे.

२१/
शंभर सीसीच्या युगाने निश्चिंतपणा दिला : गाडी घ्या, पेट्रोल भरा, चालवा. त्या निश्चिंतपणाच्या बदल्यात एक जुनी जाण मागे पडली; यंत्र हातात आल्यावर ते आपल्या अंगाशी बसवून घ्यायचे असते, ही जाण. शेतकरी नव्या कुदळीचा दांडा आपल्या मुठीला बसेपर्यंत तासतो. मोटारसायकलच्या बाबतीत त्याला तासावे काहीच लागत नाही. दहाचा पाना, अर्धा तास आणि एक दाता इकडे किंवा तिकडे, एवढे पुरते.