एकाच मापाची दोन इंजिने

वलवण धरणाचे पाणी नळांतून सुमारे 500 मीटर खाली, खोपोलीला उतरते. तिथल्या वीजघरात 1915 पासून पाण्याच्या जोरावर टर्बाइन फिरत आले आहे. शेजारच्या बोरघाटात ट्रक मात्र वर चढतात. आज त्यांच्या इंजिनांनाही एक टर्बाइन असते, तळहाताएवढे.

इंजिनातल्या तप्त धुराबरोबर इंधनाची सुमारे एक तृतीयांश ऊर्जा वाया जाते. या धुरानेच चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा दाबून भरावी, असे स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली सुचवले. यश यायला 20 वर्षे लागली. तेव्हा एका जहाजाच्या डिझेल इंजिनाची शक्ती 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली.

वलवणचे धरण बांधणाऱ्या टाटा समूहाच्याच ट्रकांत ‘697’ हे इंजिन असे : सिलिंडर 6, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. पुढे टर्बोचार्जर जोडून त्याचे ‘697 टीसी’ झाले. हवा जास्त, म्हणून जास्त इंधन नीट जळते. चढाला जोर मिळतो.

दट्ट्याची धाव 128 मिलिमीटर धरून विद्यार्थ्यांना सहाही सिलिंडरांचे घनफळ काढू द्या. दोन्ही इंजिनांसाठी उत्तर एकच येईल : सुमारे 5675 घन सेंटिमीटर. मग वाढीव शक्ती आली कुठून? हे वर्गालाच शोधू द्या.