सुनिश्चित पदे, अनिश्चित हक्क

२००६ साली मी उत्तर भारतातील एका केंद्रीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत होतो. एके दिवशी दुपारी पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ भेटायला आले. वय चौतीस, शिक्षण राज्यशास्त्रात एम. ए. आमच्या 'अ' गटातील एका पदाची जाहिरात त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतली होती. तीत दृष्टिहीनांसाठी जागा का नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. मी त्यांना चहा दिला, त्यांचा अर्ज नस्तीत लावला आणि खाली टिप्पणी लिहिली : 'सदर पद दृष्टिहीनांसाठी सुनिश्चित केलेले नाही, सबब आरक्षण लागू होत नाही.' वरिष्ठांची सही झाली आणि माझ्या लेखी प्रकरण संपले.

ती टिप्पणी परिपत्रकाला धरून होती. ती कायद्याला धरून नव्हती, हे कळायला मला सात वर्षे लागली. परिपत्रक आणि कायदा यांत एवढे अंतर कसे पडले, याचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

अपंगांसाठी नोकऱ्यांत ३ टक्के जागा ठेवण्याची पद्धत केंद्र सरकारने १९७७ मध्ये सुरू केली. ती केवळ 'क' आणि 'ड' गटांपुरती होती आणि तिला आधार होता प्रशासकीय आदेशाचा. कोणती कामे कोणत्या अपंगत्वाच्या व्यक्तीला जमतील, याची यादी १९८६ मध्ये निघाली. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियम संमत केला व तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. ज्या गोष्टी तोवर सवलती होत्या, त्या हक्क झाल्या. कलम ३३ ने प्रत्येक आस्थापनेत किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या : दृष्टिदोष, श्रवणदोष आणि हालचालींचे अपंगत्व यांसाठी प्रत्येकी एक टक्का. गटांचा भेद कलमात नव्हता. 'अ' आणि 'ब' गटही त्यात आले.

परंतु त्याच्या आधीचे कलम ३२ म्हणत होते की, राखीव ठेवता येतील अशी पदे सरकारने सुनिश्चित करावीत आणि त्या यादीचा जास्तीत जास्त तीन वर्षांनी फेरविचार करावा. महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांनी हिंदीत 'चिन्हित पद' हा शब्द ऐकला असेल, तो हाच. कलम ३२ आधी, कलम ३३ नंतर, म्हणून आधी यादी आणि मग आरक्षण, असा अर्थ प्रशासनाने लावला. कायदा लागू झाल्यानंतरची नवी यादी अधिसूचित झाली ३१ मे २००१ रोजी. मधली पाच वर्षे वाट पाहण्यात गेली.

त्यानंतर २९ डिसेंबर २००५ चे कार्यालयीन ज्ञापन आले. माझ्या टेबलावरची टिप्पणी त्याच्याच आधारे लिहिलेली होती. या ज्ञापनात मोजदादीचे दोन नियम होते. 'क' आणि 'ड' गटांत सर्व रिक्त पदे धरून ३ टक्के काढायचे. 'अ' आणि 'ब' गटांत मात्र फक्त सुनिश्चित पदांमधील रिक्त जागा धरायच्या. हा फरक किती मोठा, ते उदाहरणाने सांगतो. समजा, एखाद्या विभागात 'अ' गटाच्या ३०० जागा सरळसेवेने भरायच्या आहेत आणि त्यांतील ३० जागा सुनिश्चित पदांच्या आहेत. पहिल्या नियमाने ९ जागा राखीव होतात. दुसऱ्या नियमाने ३० चे ३ टक्के, म्हणजे पुरती एकही नाही. बिंदुनामावली शंभर बिंदूंची असते. तिचे १ ते ३३, ३४ ते ६६ आणि ६७ ते १०० असे तीन भाग पाडून प्रत्येक भागात एक जागा राखीव ठेवायची असते. सुनिश्चित जागाच मोजायच्या, तर आमची नोंदवही ३४ व्या बिंदूपर्यंत पोहोचायला अनेक वर्षे लागली असती. कुणीही कायदा मोडला नव्हता. फक्त छेद लहान केला होता.

ही गोष्ट न्यायालयात गेली ती दोन वाटांनी. रवी प्रकाश गुप्ता हे दृष्टिहीन उमेदवार २००६ ची नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाले, पण त्यांना नियुक्ती मिळाली नाही. पदे सुनिश्चित होईपर्यंत आरक्षण लागूच होत नाही, असे सरकारचे म्हणणे होते. प्रशासकीय न्यायाधिकरणात ते हरले, दिल्ली उच्च न्यायालयात जिंकले आणि ७ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. यादी करायला सरकारने लावलेला उशीर हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे तेथे ठरले. दुसरी वाट नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेची. तिच्या प्रकरणात ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या ज्ञापनातील गणितच रद्द ठरवले. 'अ' आणि 'ब' गटांतही संवर्गातील एकूण रिक्त पदांवरच ३ टक्के मोजा, असे न्यायालयाने सांगितले. आरक्षण न पाळणाऱ्या विभागातील समन्वय अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई करण्याचे निर्देशही दिले.

हा शेवटचा निर्देश मला विशेष महत्त्वाचा वाटतो. १९९५ च्या अधिनियमात शिक्षेचे कलम एकच होते, ६९ वे. अपंगांचे लाभ लबाडीने घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड. जागा न भरणाऱ्या अधिकाऱ्यासाठी काहीच नव्हते. घेणाऱ्यावर संशय आणि देणाऱ्यावर पूर्ण विश्वास, अशी ती रचना होती.

२०१३ चा निकाल आला त्या आठवड्यात मी ते जुने ज्ञापन पुन्हा काढून पूर्ण वाचले. तेव्हा जे दिसले, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. त्याच ज्ञापनात स्पष्ट म्हटले होते की, सुनिश्चित पदांची यादी परिपूर्ण नाही आणि मंत्रालये व विभाग आपल्या विवेकाने तीत आणखी पदे जोडू शकतात. त्या पदाचे काम होते अहवाल वाचणे, मसुदे करणे, बैठकांना बसणे. पद सुनिश्चित करावे असा अर्ध्या पानाचा प्रस्ताव मी वर पाठवू शकलो असतो. कदाचित तो फेटाळला गेला असता. पण मी तो परिच्छेद वाचलाच नव्हता. मला हवे ते वाक्य त्याच्या आधीच सापडले होते. ते गृहस्थ २०१३ मध्ये एकेचाळीस वर्षांचे झाले असतील. त्या पदाची वयोमर्यादा तीस. अपंगांना दहा वर्षांची सूट धरली तरी चाळीस. न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूचा होता, पण त्यांच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

१९ एप्रिल २०१७ पासून जुन्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे, ३ ऐवजी ४ टक्के आरक्षण, आणि कायद्याच्या मजकुरातच 'संवर्गसंख्येतील एकूण रिक्त पदे' असे शब्द. २०१३ चा धडा विधिमंडळाने उचलला. कायद्याच्या उल्लंघनाला दंडही आला. तथापि पदे सुनिश्चित करण्याची तरतूद याही कायद्यात आहे, तीन वर्षांच्या फेरविचारासह. ४ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने चारही गटांतील मिळून ३,५६६ पदे सुनिश्चित केली. मुख्य आयुक्तांची शिफारस मान्य नसेल, तर विभागाला तीन महिन्यांत कारणे कळवावी लागतात. शिफारस ती शिफारसच राहते. आणि मार्च २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेतील, दृष्टिहीनांना प्रवेशच नाकारणारा नियम रद्द करावा लागला. म्हणजे तीस वर्षांनंतरही प्रश्न तोच : या व्यक्तीला हे काम जमेल की नाही, हे तिला न विचारता कुणी ठरवायचे?

यादी असू नये, असे माझे म्हणणे नाही. कोणत्या कामासाठी कोणती साधने, कोणता मदतनीस लागेल, हे ठरवायला ती उपयोगी आहे. पण यादी हा दरवाजा आहे. आम्ही तिची भिंत केली. सेवेत नव्याने येणाऱ्या मित्रांना एवढेच सांगतो, 'लागू होत नाही' असे लिहिण्यापूर्वी परिपत्रकाचा पुढचा परिच्छेद वाचा. समोरच्या माणसाचे वय तेवढ्यातही वाढत असते.