मोरे, सुऱ्हुद

भारतीय विश्वरचनाशास्त्रज्ञ, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील प्राध्यापक. आकाशाच्या मोठ्या सर्वेक्षणांतून दीर्घिका आणि त्यांना वेढणारे कृष्णद्रव्य यांचे नाते शोधणे हा त्यांच्या संशोधनाचा गाभा.

पीएच.डी. हायडेलबर्गच्या माक्स प्लांक खगोलशास्त्र संस्थेत, फ्रँक फान डेन बॉश यांच्याकडे. मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या लहान दीर्घिकांच्या वेगांवरून कृष्णद्रव्याचे वजन काढणे हा विषय. एकेकीभोवती असे सोबती मोजकेच दिसतात, म्हणून स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या असंख्य दीर्घिकांची आकडेवारी एकत्र रचावी लागते. पुढे शिकागो आणि जपानमधील काशिवा येथील काव्हली संस्थांत काम करून ते आयुकात आले.

दीर्घिकासमूहाला कड असते का? समूहात कोसळणारे द्रव्य केंद्राजवळून पलीकडे निघून जाते आणि झोका टोकाला क्षणभर थांबावा तसे एका अंतरावर थबकून परत फिरते. बेनेडिक्ट डीमर व आंद्रे क्रावत्सोव यांच्यासह मोरे यांनी २०१५ मध्ये याच अंतराला समूहाची खरी सीमा मानावे असे मांडले. २०१६ मध्ये मोरे व सहकाऱ्यांना ती स्लोनच्या नोंदींत सापडली, पण अपेक्षेपेक्षा आत. हे त्यांचे बरेच चर्चिले गेलेले काम.

हवाईतील ८.२ मीटर सुबारू दुर्बिणीच्या ८७ कोटी पिक्सेलच्या हायपर सुप्रीम-कॅमवरील सर्वेक्षणात त्यांचा मोठा वाटा आहे. वाटेतल्या द्रव्यामुळे दूरच्या दीर्घिकांचे आकार जेमतेम टक्काभर ताणले जातात. दीर्घिका मुळातच लांबट असल्याने एकीवरून काहीच कळत नाही, कोट्यवधी मोजाव्या लागतात. २०२३ च्या निष्कर्षांआधी संशोधकांच्या हाती दीर्घिकांच्या आकारांच्या तीन याद्या होत्या. खरी एकच, आणि ती कोणती हे विश्लेषण संपेपर्यंत कुणाला ठाऊक नव्हते. हवे ते उत्तर नकळत काढले जाऊ नये म्हणून ही खबरदारी. द्रव्य किती गुठळलेले आहे हे सांगणारा आकडा ०.७७ च्या आसपास आला, तर प्लांक उपग्रहाच्या मापनांवरून तो ०.८३ च्या जवळ निघतो. हा मेळ तेव्हा बसला नव्हता.

वाटेतल्या द्रव्याच्या अशाच भिंगासारख्या परिणामामुळे एकाच गुरुत्वीय लहरीचे दोन ठसे उमटले तर ते ओळखायचे कसे, यावर त्यांनी अनुप्रीता मोरे यांच्यासह २०२२ मध्ये पद्धत सुचवली. अशा लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा मंजूर झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली.