भुकेच्या केंद्रापासून भुकेच्या पेशींपर्यंत

मेंदूच्या तळाशी, पीयूषिका ग्रंथीच्या वर असलेला हायपोथॅलॅमस हा छोटा भाग भूक, तहान आणि शरीराचे तापमान सांभाळतो. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या मध्याजवळील भागाला इजा केली, तेव्हा ते उंदीर लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जॉन ब्रॉबेक यांच्यासह दाखवले की, त्या मध्याजवळील भागाच्या दोन्ही बाजूंची एक लहानशी जागा नष्ट केल्यास समोर अन्न असूनही उंदीर ते खात नाहीत. तेथूनच बाजूचे 'भूककेंद्र' आणि मध्याजवळचे 'तृप्तिकेंद्र' ही जोडी पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद व सहकाऱ्यांनी विद्युत्-नोंदींवरून दाखवले की, रक्तातील ग्लुकोज वाढले की तृप्तिकेंद्र अधिक सक्रिय होते आणि भूककेंद्र मंदावते. या विषयाच्या मूळपुरुषांत आनंद यांची गणना व्हायलाच हवी.

तथापि 'केंद्र' ही कल्पना ढोबळ होती, कारण इजेमुळे त्या जागेतून जाणारे चेतातंतूही तुटत असत. १९९४ मध्ये चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले, आणि लक्ष जागेवरून त्याला प्रतिसाद देणाऱ्या विशिष्ट चेतापेशींकडे, म्हणजेच न्यूरॉनांकडे वळले. त्यांपैकी एक गट एनपीवाय हे रसायन स्रवून भूक वाढवतो. दुसऱ्या गटातील कार्ट हे पेप्टाइड, म्हणजे लहान प्रथिनसदृश रेणू, भूक शमवते, हे १९९८ मध्ये स्पष्ट झाले.

या परंपरेची एक शाखा पुण्यात पाषाण येथील 'आयसर पुणे' या संस्थेत रुजली. अर्णब घोष आणि पूर्वी नागपूर विद्यापीठात असलेले निशिकांत सुभेदार यांच्या गटाने झेब्राफिश या छोट्या माशाच्या मेंदूतील कार्टच्या चारही जनुकांचा नकाशा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. उपाशी माशांच्या हायपोथॅलॅमसमधील काही भागांत कार्ट बनवणाऱ्या पेशी लक्षणीयरीत्या कमी झालेल्या आढळल्या, आणि हायपोथॅलॅमसबाहेरच्या चेतापेशींच्या एका पुंजक्यातही तेच दिसले. २०२१ मध्ये याच दोघांच्या सहभागाने झालेल्या संशोधनातून असे दिसले की, उपाशी माशांच्या नाकातील गंधपेशींची अन्नाच्या वासाबद्दलची संवेदनशीलता एनपीवायमुळे वाढते. भुकेचे नियमन एका केंद्रापुरते मर्यादित नाही, ते थेट नाकापर्यंत पोहोचते, हे पुण्यातील या कामाने माशांमध्ये दाखवून दिले.