विहिरीवरचा कंडेन्सर आणि लायडनची बरणी

आपल्या बीड जिल्ह्यात सिंगल फेजची मोटर असलेल्या कुठल्याही विहिरीवर जा, स्टार्टरच्या पेटीत कंडेन्सर दिसणारच. ठिणगीचे प्रयोग करायची हौस असलेली पोरं पहिला हात त्यालाच घालतात. स्वस्त आहे, हाताशी आहे. मग तो का नको? याचं उत्तर इतिहासात आहे.

1745 साली क्लाइस्ट यांना आणि पुढे लवकरच लायडनच्या मुस्सेनब्रूक यांना कळलं की काचेच्या बरणीत वीज साठते. कळलं ते जबर झटका खाऊनच! पुढे फ्रँकलिन यांनी दाखवलं की बरणीतलं पाणी बदललं तरी चालतं, खरं काम मधली काच करते. काच पातळ केली तर साठा वाढतो, पण दाब जास्त झाला की तीच काच भेदली जाते. हा पेच आजही सुटलेला नाही. काचेच्या जागी तेलात भिजवलेला कागद आला, प्लॅस्टिकची फिल्म आली, एवढंच.

1924 साली जर्मनीत एर्विन मार्क्स यांनी युक्ती काढली: कंडेन्सर समांतर जोडून भरायचे आणि ठिणगीच्या फटींमधून एकसर जोडून रिकामे करायचे. म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या 'काली' यंत्रातही मार्क्स जनरेटर आहे.

आता मोटरचा कंडेन्सर बघा. तो 50 सायकलच्या विजेवर तासन्‌तास चालायला बनवलेला. त्याच्या फिल्मवर धातूचा अगदी पातळ मुलामा असतो. मायक्रोसेकंदांत शेकडो अँपिअर ओढले की कडेची जोडणी जळते. पल्सच्या कंडेन्सरमध्ये जाड फॉइल आणि आखूड, रुंद जोडण्या असतात. म्हणून नुसते व्होल्ट आणि मायक्रोफॅरड वाचू नका. कमाल प्रवाह किती, उलटा व्होल्टेज किती सोसतो, किती डिस्चार्ज टिकतो, हेही बघा.

आणि एक सांगतो. 1750 च्या नाताळाच्या तोंडावर फ्रँकलिन दोन मोठ्या बरण्यांनी टर्की मारायला गेले आणि स्वतःच सुन्न झाले. एवढा जाणकार माणूस! सप्लाय काढला म्हणून कंडेन्सर रिकामा होत नाही. रिकामा केला तरी थोडा व्होल्टेज परत चढतो. म्हणून डिस्चार्जचा रेझिस्टर कायमचा जोडलेला हवा, काम संपलं की टोकं तारेनं बांधून ठेवायची, आणि एकट्यानं प्रयोग करायचा नाही.