बापाची पिंपं आणि पोराची करवत

उत्तर इटलीत पिएमोंते भागात नेब्बिओलो नावाचं काळं द्राक्ष पिकतं. ऑक्टोबरच्या धुक्यात उशिरा तयार होणारं, चवीला भयंकर तुरट. त्याचीच बारोलो वाईन. जुन्या रीतीत साली रसात आठवडेच्या आठवडे ठेवायच्या, मग मोठ्या लाकडी पिंपात वाईन वर्षानुवर्षं मुरवायची. बरेच शेतकरी मात्र माल अल्बाच्या बाजारात व्यापारी देईल त्या भावात घालायचे.

1976 मध्ये ला मोर्राचा तरुण शेतकरी एलिओ आल्तारे फ्रान्सच्या बरगंडीला गेला. तिथल्या बागाईतदारांची भरभराट बघून आला आणि घरी बदल सुरू केले. साली थोडेच दिवस, पिंपं छोटी नि नवी, आणि वेलीवरचे हिरवे घड कापून खाली टाकायचे. आपल्याला विरळणी नवी नाही, पण भुकेचे दिवस पाहिलेल्या त्या पिढीला ते पापच वाटायचं. 1983 मध्ये त्यानं घरची जुनी पिंपं यांत्रिक करवतीनं कापली. बापानं वारसा तोडला आणि 1985 मध्ये समेट न होताच तो वारला. घरचीच मिळकत एलिओला भावंडांकडून विकत घ्यावी लागली.

विरळणीत पोरगं बरोबर होतं असं मला वाटतं. पिंपं विकता आली असती. पुढे त्या भागात बऱ्याच जणांनी मोठी पिंपं परत आणली. विरळणी मात्र राहिली.